पांढराच राहिलेला कागद

बुलडाणा,
३० एप्रिल, सकाळ

प्रिय पुष्पांजली,

शाळेच्या हजेरीत होतं तसं तुझं पूर्ण नाव लिहिते आहे. ‘पुष्पे’ लिहून सुरुवात करायला हात धजला नाही. काल संध्याकाळपासून मी तुला अकरा वेळा फोन केला आणि तू एकदाही उचलला नाहीस. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असते तर नंबरच काढून टाकला असता. पण हे पत्र फाडू नकोस. गोविंदाभाऊ दुपारी जीप घेऊन मलकापूरला निघतोय, फाट्यावरून आत वळून तो ते तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं त्याला दोनदा बजावलं आहे. हवं तर आधी मला पोटभर शिव्या घाल आणि मग वाचायला बस, पण शेवटपर्यंत वाच.

आमची समर स्कूल काल संपली. आम्ही गावात आलो त्या दिवशी तू विचारलं होतंस, “उन्हाळ्यात शाळा? अन् तेबी एवढ्या मोठ्या झालेल्याइची?” मी नुसती हसले होते. आता सांगते. इंजिनिअरिंग बायॉलॉजी म्हणजे जिवाणूंना कामाला लावायचं शास्त्र. त्यांच्याकडून औषध करून घ्यायचं, रंग करून घ्यायचा, पाण्यातलं विष हुडकून घ्यायचं. पीएच.डी. करणारी बत्तीस मुलं-मुली पुण्याहून, बंगळूरहून, चेन्नईहून आली होती. खाली मलकापुरात अंगाची लाही होते, पण घाटावर बुलडाण्याला संध्याकाळी वारा असतो, म्हणून इथलं एक कॉलेज बारा दिवसांसाठी घेतलं होतं. सहा गट पाडले. प्रत्येक गटानं मातीतला खरा प्रश्न घ्यायचा, त्यावर काहीतरी तयार करायचं आणि शेवटच्या दिवशी स्टेजवर स्पर्धेत मांडायचं. ‘मातीतला खरा प्रश्न’ हे शब्द आमच्या टी-शर्टवर इंग्रजीत छापले होते. टी-शर्ट पांढरे होते आणि त्यांना माती लागू नये म्हणून सगळे फार जपायचे.

पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी विचारलं, कुणाला इथला एखादा प्रश्न माहीत आहे का? माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. मी खारपाणपट्ट्याबद्दल बोलले. पाण्यानं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे थर चढतात आणि आमच्या गावात माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, नवरा बेचाळिसाव्या वर्षी किडनीनं जातो, हे सगळं मी असं काही सांगितलं की सगळ्यांनी हातातले फोन खाली ठेवले. मला बरं वाटलं, पुष्पा. खालू गेले तेव्हाची गोष्ट सांगताना मला बरं वाटत होतं! तेव्हाच समजायला हवं होतं की माझं काहीतरी बिघडलंय.

मग आम्ही ते कागद तयार केले. जिवाणू फोडून काढलेला अर्क बोटभर कागदावर सुकवायचा. किडनी खराब करणारा तो धातू पाण्यात असला तर थेंब पडल्यावर पाऊण तासात कागद जांभळा होतो. नसला तर कागद पांढराच राहतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात धातू टाकून पाहिला, तर एकूण एक कागद जांभळा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. त्यातला एकही कागद आपल्या हापशीच्या पाण्यात बुडवून पाहिला नव्हता, आणि तेवीस तारखेला आम्ही दोन गाड्या भरून आपल्या गावात आलो.

त्या दिवसाचं सगळं तू पाहिलंस, पण माझ्या बाजूनं काय पाहिलं ते तुला माहीत नाही. राजूर घाट उतरताना गाडीतला एसी वाढवला गेला. गावाला कुणी गाव म्हणत नव्हतं, सगळे ‘फील्ड’ म्हणत होते. हापशीच्या दांड्याला हात लावला की प्रत्येक जण खिशातली बाटली काढून हातांवर सॅनिटायझर चोळायचा. खालानं सकाळपासून चूल पेटवून सगळ्यांसाठी चहा केला, तोही नळाला आठ दिवसांनी आलेल्या, जपून ठेवलेल्या पाण्याचा. एकानंही तोंडाला कप लावला नाही. आपापल्या सीलबंद बाटल्या काढल्या, दोन-दोन घोट घेतले आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्या खालाच्या ओट्यावर ठेवून निघाले. सव्वीस बाटल्या होत्या. मी मोजल्या, पण उचलल्या नाहीत.

आणि तो फोटो! आमच्या गटातल्या बंगळूरच्या मुलीला खालूंच्या रिकाम्या खाटेशेजारी खालाचा फोटो हवा होता. खाला बिचारी आत गेली, धुतलेली ओढणी घेऊन आली, डोक्यावरून नीट घेतली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. घरी पाहुणे आले की माणूस हसतं. ती मुलगी मला म्हणाली, त्यांना सांग ना हसू नका. मी सांगितलं. “खाला, हंसो मत, ऐसेइच बैठो.” खालाचं तोंड उतरलं आणि नेमका तोच फोटो निघाला. बघ, हे मी किती चोख भाषांतर करून सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

तुला नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं का? मलकापूरला भरलं होतं. प्रयोग सगळा तुझा होता. धरणाचं पाणी एका बाटलीत, हापशीचं दुसऱ्या बाटलीत, दोन्हींत सारखाच साबण. धरणाच्या पाण्याला फेस आला, हापशीच्या पाण्याला नाही. मी म्हटलं होतं, झालं की, चल मांडू. तू म्हणालीस, “थांब वं. पाण्याचा दोष हाय का साबनाचा, हे कसं कळन?” मग घागरीवरचा तो पांढरा थर खरवडून तू धरणाच्या पाण्यात टाकलास आणि पुन्हा तोच साबण घातलास. फेस बसला. “आता कळलं,” म्हणालीस. चौदा वर्षांची होतीस तू. तपासणारी वस्तू स्वतःच फसलेली नाही ना, हे आधी तपासायचं, हे मला पुण्याला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवलं आणि वहीत मी ते लाल पेनानं अधोरेखित केलं, जणू काही नवंच कळलंय. प्रदर्शनात बोलले मात्र मी, कारण माझी जीभ चुरुचुरु चालायची आणि परीक्षकांसमोर तुझी गाडी अडायची. प्रमाणपत्रावर दोघींची नावं होती, पण पेपरात फोटो माझा आला. अब्बांच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात ते कात्रण अजून लावलेलं आहे. तुझं लग्न गावातच झालं, तू आरोग्य खात्याची आशाताई झालीस आणि मी पुण्याला गेले. गावात सगळे म्हणतात, शाइस्ता हुशार निघाली. तूही कधी त्यांना अडवलं नाहीस.

खालू गेल्यावर हापशीचं पाणी तपासायला कुणी पाठवलं? तूच. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून पिण्यास अयोग्य असा कागद आला आणि ग्रामपंचायतीनं तो कपाटात टाकून दिला, तेव्हा तूच दुकानातून डबा आणून भर उन्हात हापशीला लाल रंग दिलास. बायांनी तुला काय काय ऐकवलं ते मला खालाकडून कळायचं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही अन् हिनं दारातली हापशीबी बंद केली, असं म्हणायच्या. पाच वर्षं तू ते खाल्लंस. दारोदार जाऊन सांगत राहिलीस की या पाण्यानं भांडी घासा, गुरं धुवा, पण पिऊ नका. हळूहळू लोकांनी ऐकलं. खालानं तर शपथच घेतली होती.

आणि आम्ही दोन तासांत ते पुसून टाकलं. हापशीच्या पाण्याचे थेंब सहा कागदांवर टाकले. पाऊण तास थांबलो. सगळे कागद पांढरेच राहिले. आमच्या गटातल्या पोरांचे चेहरे आधी पडले, कारण जांभळा रंग आला असता तर फोटो छान आला असता. मग सरच म्हणाले की अरे, ही तर चांगली बातमी आहे, पाण्यात धातू नाही. सरपंच रामरावभाऊ पुढं झाले. हात जोडून म्हणाले, “सायेब, तोंडी नोका सांगू. लेखी द्या. लेखी असलं का मले बायाइले दाखवता येते.” सरांना मराठी येत नाही. लिहिलं मी. ‘या हातपंपाच्या पाण्याची आधुनिक पद्धतीने तपासणी केली. घातक धातू आढळला नाही.’ खाली आमच्या समर स्कूलचा शिक्का आणि माझी सही. गाडीत लॅमिनेशनचं यंत्र होतं, दुसऱ्या कामासाठी आणलेलं. त्यातून काढून कडक करून दिला तो कागद.

आता तुझं बोलणं. मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्या दिवशी ते मी कुणापर्यंत पोचू दिलं नाही. तू गर्दीतून पुढं आलीस, हातात तुझी ती आशाची निळी पिशवी होती. म्हणालीस, “शाइस्ता, मले एक सांग. हे पानी खारं हाय. या खारानं तुमच्या कागदातलं औषधच मरून गेलं असन तं? याच पान्यात ते जहर मुद्दाम थोडं टाकून पाह्य. मंग रंग येते का पाह्य. तरीबी नाही आला, तं पानी चांगलं नाही, कागदच खराब हाय.” सगळ्यांसमोर म्हणालीस, मोठ्यानं म्हणालीस, आणि या वेळी तुझी गाडी कुठंच अडली नाही. सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, ही बाई काय म्हणते आहे?

मी म्हटलं, ती म्हणते आहे की गावातल्या बायका तुमच्या फार आभारी आहेत.

सर तुला हात जोडून ‘नमस्ते, नमस्ते’ म्हणाले. मी ‘थँकफुल’ हा शब्द वापरला होता आणि तो तुला कळला, हे मला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. पिशवी खांद्यावर टाकलीस आणि निघून गेलीस. का केलं मी असं? गेले सात दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे. ऊन फार होतं, गाड्या चालू होत्या, सगळे निघायच्या घाईत होते, अशी पुष्कळ कारणं मी तयार करून पाहिली. त्यातलं एकही खरं नाही. तू चुकली असतीस तर मी हसत हसत भाषांतर केलं असतं. तुझं म्हणणं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आपल्या गावातली बारावी शिकलेली बाई पाच मिनिटांत आमची चूक दाखवते आणि मी, गावाची हुशार पोरगी, ती सरांना इंग्रजीत सांगते, हे मला सहन झालं नसतं. मला लाज वाटली. तुझी लाज वाटली, तुझ्या बोलीची वाटली, तुझ्या पिशवीची वाटली. आज हे लिहिताना माझी मलाच किळस येते आहे.

सव्वीस तारखेला खालाचा फोनवर आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. “बेटा, तूने लिख्या ना, अब मैं भी हापसी काच पानी पीती. तुम लोगां के बाटल्यां भी काम आए. धोके उसीच में भरके रखती.” आम्ही टाकलेल्या बाटल्या, पुष्पा. खालानं त्या धुऊन त्यांत ते पाणी भरून ठेवलं होतं. मी तो आवाज तीन वेळा ऐकला आणि जेवायला गेले. कारण जेवणाची वेळ झाली होती.

सत्तावीसला मी तू सांगितलेलं करून पाहिलं. फील्डवरून आणलेली हापशीच्या पाण्याची एक बाटली फ्रीजमध्ये उरली होती. तिच्यात तो धातू मुद्दाम टाकला, माणूस मरेल इतका टाकला. पाच कागद भिजवले. पाऊण तास थांबले, मग दीड तास थांबले. पाचही पांढरे. बाजूला शुद्ध पाण्यात तेवढाच धातू टाकून ठेवला होता, तो कागद चाळीस मिनिटांत जांभळा झाला. म्हणजे आपल्या पाण्यात काहीही असो, आमचा कागद पांढराच राहणार होता. खारानं त्याला मारलं होतं. तू हापशीपाशी उभी राहून जे सांगितलंस ते मला प्रयोगशाळेत उभं राहून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना सांगितलं. सर दुष्ट नाहीत, हे मला लिहायलाच हवं. ते म्हणाले, छान निरीक्षण आहे, ‘पुढील काम’ या पानावर एक ओळ टाक. आपण नमुना म्हणून करून पाहिलंय, त्यावर विसंबून कुणी पाणी थोडंच पिणार आहे? त्यांना खालाचं काही माहीत नव्हतं. तेव्हा मी सांगायला हवं होतं की सर, माझी खाला पिते आहे. मी गप्प बसले. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत सहा महिने जाण्यासाठी सर मला शिफारसपत्र देणार होते, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी खोडा घालणारी पोरगी म्हणून मला त्यांच्या डोळ्यांसमोर राहायचं नव्हतं. मी ती एक ओळ टाकली. शेवटच्या पानावर, सगळ्यांत बारीक अक्षरात.

काल सादरीकरण झालं. पडद्यावर, दुसऱ्याच स्लाइडला, खाला, खाटेशेजारी, न हसणारी. खालू कसे गेले ते मी इंग्रजीत सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका परीक्षक बाईंनी डोळे पुसले. मग मी सांगितलं की आज त्या गावातल्या लोकांना आपलं पाणी सुरक्षित आहे हे कळलं आहे. हे वाक्य मी म्हटलं, पुष्पा. सत्तावीसनंतर म्हटलं. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं, डीएनएच्या आकाराची, पिळाच्या शिडीसारखी प्लॅस्टिकची ट्रॉफी. त्यानंतर हिरवळीवर जेवण होतं. एका टेबलावर ‘वऱ्हाडी’ अशी पाटी लावून कागदाच्या इवल्याशा वाट्यांत ठेचा ठेवला होता, लोक तो बोटानं चाखून हाश्श-हुश्श करत होते आणि एकमेकांना सांगत होते की हा किती अस्सल आहे. टेबलाखाली सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचे खोके होते. एक जण बाटली फोडून हात धूत होता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, आणि आरशात तो पांढराशुभ्र टी-शर्ट घातलेली जी बाई दिसली तिच्याकडे मला बघवेना.

मग मी फोन सुरू केले. सत्तावीसला कळलं आणि एकोणतीसला संध्याकाळी फोन केला. मधले दोन दिवस खाला ते पाणी पीत होती आणि मला ते माहीत होतं. याला कुठलंच कारण नाही, म्हणून देत नाही. तू उचलला नाहीस. खालानं उचलला. मी ओरडूनच सांगितलं की एक घोटही घेऊ नको. ती गोंधळली. म्हणाली, “फोन पे तू ये बोल री, कागज पे वो लिखी. सच्चा कौन सा है बेटा?” पिणार नाही असं कबूल केलंय तिनं, पण तिच्या आवाजात विश्वास नव्हता. आणि तिनंच सांगितलं की रामरावभाऊंनी तुझा लाल रंग खरवडून हापशीला निळा रंग दिलाय, कागद दर्शनी भिंतीवर लावलाय आणि सकाळी तिथं बायांची रांग लागते. मी रामरावभाऊंना फोन लावला. ते चिडलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, “पोरी, कागदावर तुही सही हाय. आता फोनवर तू दुसरंच बोलून राह्यली. मी कोनाकोनाले सांगू? मांगं घ्याचं असन तं लेखी दे. एक तारखेले ग्रामसभा हाय, तिथं दे, सगळ्याइसमोर.” मला आधी राग आला. मग वाटलं, हा माणूस बरोबर बोलतोय. लेखी मी दिलंय, परतही मीच लेखी द्यायला हवं.

आज सकाळी सरांना सगळं सांगितलं, खालाच्या बाटल्यांसकट. मग म्हणाले, समर स्कूलच्या नावानं चूक मान्य करणारं पत्र द्यायचं तर वर विचारावं लागेल, संध्याकाळी पाच वाजता ये. आणि हेही म्हणाले की घाई करू नकोस, यात तुझंच नाव खराब होईल. पाच वाजता मी जाणार आहे. पत्र मिळालं तर घेऊन येईन, नाहीतर ट्रॉफी त्यांच्या टेबलावर ठेवून येईन. शिफारसपत्राची आशा मी सोडली आहे. त्यांच्या शिक्क्याची वाट बघत गावानं अजून एक दिवस ते पाणी प्यावं असं मला वाटत नाही, म्हणून हे पत्र आधी निघतंय.

आता हे तुलाच का लिहिलं ते सांगते. रामरावभाऊंना हवं असलेलं लेखी हेच आहे. उद्या झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा बसेल, तिथं हे पत्र तू वाचायचंस, ‘प्रिय’पासून माझ्या सहीपर्यंत, मोठ्यानं. मी पहिल्या एसटीनं येते आणि समोर उभी राहते, पण वाचायचं तू. मी तोंडानं सांगितलं तर लोक पुन्हा माझ्या तोंडाकडे बघतील, आणि त्या तोंडानं तुझं बोलणं गिळलंय. एक शब्द गाळू नकोस. बाटल्या, फोटो, तुझी पिशवी, मला तुझी वाटलेली लाज, ते दोन दिवस, सगळं वाच. फक्त ‘पाणी खराब आहे’ एवढंच वाचलंस तर उद्या कुणीतरी दुसरा कागद आणेल. लोकांना कळू दे की कागद खोटा कसा होतो आणि तो खोटा आहे हे सगळ्यांत आधी कुणी ओळखलं. मधे कुणी थांबवलं तरी थांबू नकोस. वाचताना मला बघून तुझा आवाज अडला तर माझ्याकडे बघूच नकोस. आणि हो, गोविंदाभाऊजवळ पत्राबरोबर लाल रंगाचा डबा आणि ब्रश दिलाय. ग्रामसभेची वाट बघू नकोस, आज दिवस मावळायच्या आत हापशीला लाव. कुणी हात धरला तर सांग, शाइस्तानं लेखी दिलंय.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
शाइस्ता जाकीर शेख